अमेरिकन सरहद्द, प्राणी, तंबू आणि गळ : वाचायला काय काय सुचवाल?

डोंगरवेडा

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस मनात होतं, आज लिहूनच टाकतो. आम्ही डेन्व्हरला येऊन चार वर्षं झाली. मी मूळचा जुन्नरचा, शिवनेरी-हडसर-चावंड म्हणजे घरचं अंगण, त्यामुळे इथे आल्यावर रॉकी पर्वत दिसला आणि पहिल्याच उन्हाळ्यात तंबू विकत घेतला. आता मुलगा अकरा वर्षांचा आहे, त्यालाही तेच वेड लागलंय. पुढच्या जूनमध्ये दहा दिवसांची गाडीची सहल ठरवतोय, आधी साउथ डकोटातलं बॅडलँड्स आणि मग यलोस्टोन.

धागा काढायचं कारण असं की मागच्या महिन्यात एका म्युझियममध्ये बायसनच्या कवट्यांचा ढिगारा असलेला जुना फोटो पाहिला. माणूस वर उभा आहे आणि खाली नुसत्या कवट्या, अक्षरशः टेकडी. पोरगं पाच मिनिटं हललं नाही तिथून. मग गाडीत बसल्यावर विचारलं, "बाबा, एवढे होते तर गेले कुठे?" मी काहीतरी सांगितलं, पण खरं सांगायचं तर मला नीट उत्तर देता आलं नाही आणि ते मला लागलं.

तर पुस्तकं सुचवा. दुकानात तीन वेगवेगळी कपाटं असतात: सरहद्दीचा इतिहास एकीकडे, प्राणी-पक्षी दुसरीकडे, कॅम्पिंग-मासेमारी तिसरीकडे. मला आतून असं वाटतं की ही एकच गोष्ट आहे, ज्या जमिनीवर आपण तंबू ठोकतो तिचीच. पण तशी जोडून सांगणारी पुस्तकं मला माहीत नाहीत. लुईस आणि क्लार्कच्या मोहिमेवरचं 'अनडॉन्टेड करेज' अर्धं वाचून ठेवलंय. मुलाला वाचून दाखवता येईल असं काही असेल तर फारच उत्तम.

चांदोबा

वाचनखूण साठवली. खूप दिवसांनी असा धागा आला.

मिसूरीकाठ

अर्धं का ठेवलंत हो! पूर्ण करा आधी. मी सेंट लुईसला राहतो, लुईस आणि क्लार्क जिथून निघाले ती जागा माझ्या घरापासून अर्ध्या तासावर आहे, त्यामुळे हा माझा जिव्हाळ्याचा विषय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: १८०३ मध्ये अमेरिकेचा अध्यक्ष जेफरसनने फ्रान्सकडून लुइझियाना प्रांत दीड कोटी डॉलरला घेतला आणि मग तिथे नेमकं आहे तरी काय हे बघायला मे १८०४ मध्ये ही तुकडी मिसूरी नदीतून उलट्या प्रवाहाने निघाली, पॅसिफिकपर्यंत जाऊन सप्टेंबर १८०६ मध्ये परत आली. एवढ्या प्रवासात फक्त एक माणूस गेला, सार्जंट फ्लॉइड, तोही बहुधा अपेंडिक्स फुटून. त्या काळात तो जगातल्या कुठल्याही शहरात असता तरी वाचला नसता.

'अनडॉन्टेड करेज' हे स्टीफन अँब्रोजचं पुस्तक १९९६ चं आहे, गोष्टीसारखं वाचलं जातं. पण माझं मत विचाराल तर त्यानंतर मूळ रोजनिश्या वाचा. सगळे खंड प्रचंड आहेत, बर्नार्ड डिव्होटोने एका खंडात आणलेली संक्षिप्त आवृत्ती पुरेशी आहे. क्लार्कचं स्पेलिंग म्हणजे कमाल, डासाला दर वेळी नवीन स्पेलिंग. पण निरीक्षण बघा त्या माणसांचं. साधं उदाहरण देतो, मुलाला नक्की आवडेल: प्रेअरी डॉग त्यांनी पहिल्यांदा पाहिला तेव्हा एक पकडायला सगळी तुकडी दिवसभर राबली, बिळात पिंपंच्या पिंपं पाणी ओतलं, तेव्हा कुठे एक हाती लागला. तो पुढच्या वसंतात जिवंत जेफरसनकडे पाठवला. हजारो मैल, होडीतून आणि जहाजातून, आणि तो जिवंत पोचला!

आणि अस्वलं. आधी स्थानिक लोक ग्रिझलीबद्दल सांगायचे ते यांना अतिशयोक्ती वाटायची. मग १८०५ मध्ये मोंटानात अस्वलं यांच्या मागे लागली, गोळ्या खाऊनही पडेनात. त्यानंतर रोजनिशीचा सूरच बदलतो.

खंड्या

प्रेअरी डॉग म्हणजे कुत्रा नाही हे मला तिकडे जाईपर्यंत माहीत नव्हतं. खारीच्या कुळातला आहे, म्हणजे आपल्या भीमाशंकरच्या शेकरूचा चुलतभाऊ, फक्त हा जमिनीखाली राहतो आणि तो झाडावर.

रानजाई

मिसूरीकाठ, प्रतिसाद आवडला पण मला थोडं वेगळं म्हणायचंय, आणि डोंगरवेडा, तुमच्या मुलाच्या प्रश्नाला धरूनच म्हणतेय.

"तिथे नेमकं आहे काय हे बघायला" गेले असं तुम्ही लिहिलंत. पण तिथे माणसं राहत होती की! मँडन लोकांच्या गावांशेजारी ही तुकडी पहिला हिवाळा राहिली, त्यांचा मका खाऊन जगली. दुभाषी म्हणून बरोबर असलेली शोशोनी तरुणी साकागाविया नसती, शोशोनी लोकांनी घोडे दिले नसते, तर डोंगर ओलांडता आला नसता. म्हणजे सरहद्द होती ती कोणाची? एका बाजूने बघितलं तर सरहद्द, दुसऱ्या बाजूने बघितलं तर घराचा उंबरठा.

हा सरहद्दीचा सिद्धांत मांडला इतिहासकार फ्रेडरिक टर्नरने, शिकागोला, जुलै १८९३ मध्ये. मोकळी जमीन आणि पश्चिमेकडे सरकणारी वस्ती यांतूनच अमेरिकन माणूस घडला असं त्याचं म्हणणं. (त्याच जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने दोन महिन्यांनी विवेकानंदांचं भाषण झालं, हे मला नेहमी आठवतं.) यात "मोकळी" या शब्दातच सगळी गफलत आहे.

तेव्हा माझी यादी:

डी ब्राउनचं 'बरी माय हार्ट ॲट वूंडेड नी', १९७० चं. त्रास होतो वाचताना, पण ते वाचल्याशिवाय साउथ डकोटात जाऊ नका. वूंडेड नी, म्हणजे जिथे अमेरिकन सैन्याने लाकोटा लोकांची कत्तल केली ती जागा, बॅडलँड्सच्या दक्षिणेला, पाइन रिज या लाकोटांसाठी राखलेल्या भागातच आहे.

जेम्स वेल्चची 'फूल्स क्रो' कादंबरी. ब्लॅकफीट लोकांची, मोंटानातली, १८७० च्या आसपासची. लेखक स्वतः त्याच रक्ताचा. यात गोरे लोक "नापिकवान" म्हणून येतात, चंद्राला, सूर्याला, नद्यांना त्यांचीच नावं आहेत, आणि पन्नासेक पानांनंतर आपण त्या बाजूने बघायला लागतो. इतिहासाचं कुठलंच पुस्तक हे करू शकलं नाही माझ्यासाठी.

मिसूरीकाठ

रानजाई ताई, मान्य. वाक्य चुकलंच माझं. मँडन गावांबद्दल लिहायचं राहून गेलं, तो हिवाळा म्हणजे त्या रोजनिश्यांतला सगळ्यात सुंदर भाग आहे. 'फूल्स क्रो' वाचलेलं नाही, आजच मागवतो.

अबोली_७

शब्दावरून आठवलं. फ्रंटियरला मराठीत काय म्हणायचं? सरहद्द म्हटलं की डोळ्यांपुढे सैनिक आणि काटेरी तार येते. सीमा तर त्याहून कोरडी.

धनगरवाडा

आमच्याकडे "शीव" म्हणतात. गावाची शीव. शिवेच्या पलीकडे रान. पण शीव सरकत नाही, ती पूजेची असते, नारळ फुटतो तिथं. अमेरिकेतली दर वर्षी सरकायची. तेव्हा शीव पण बसत नाही.

अबोली_७

"शीव पूजेची असते, सरकत नाही", हे फार आवडलं दादा. आता सरहद्दच चालू ठेवू.

सुमनमावशी

मुलाला वाचून दाखवायचं म्हणालास म्हणून लिहिते. मी न्यू जर्सीत एडिसनला लेकीकडे असते, नातीला रोज रात्री वाचून दाखवते.

लॉरा इंगल्स वाइल्डरची 'लिटल हाउस' मालिका आम्ही सगळी वाचली. त्यात 'द लाँग विंटर' मला सगळ्यात भावलं, १८८०-८१ चा डकोटातला हिवाळा. बर्फामुळे रेल्वे बंद, कोळसा संपला, मग वाळलेल्या गवताला पीळ देऊन त्याच्या काड्या करून जाळायच्या, आणि गहू कॉफीच्या गिरणीत दळायचा. दिवसभर आळीपाळीने दळत बसायचं तेव्हा संध्याकाळची भाकरी. मी लहानपणी बहात्तरच्या दुष्काळात मिलो ज्वारी खाल्लेली, मला ते दळण वाचताना माझी आई दिसली. नातीला सांगितलं ते.

पण रानजाई म्हणतेय तेही खरं आहे गं. 'लिटल हाउस ऑन द प्रेअरी'मधलं कॅन्ससचं घर ओसेज लोकांच्या जमिनीवर बांधलेलं, परवानगीशिवाय. आणि पहिल्या आवृत्तीत तर असं वाक्य होतं की तिथे माणसं नव्हती, फक्त इंडियन (म्हणजे तिथले मूळ रहिवासी) होते. ते १९५३ मध्ये बदललं. नातीने विचारलं, "म्हणजे ते माणसं नव्हते का?" पुस्तक मिटून अर्धा तास बोलत बसलो आम्ही.

म्हणून त्याच्या जोडीला लुईस एर्ड्रिकचं 'द बर्चबार्क हाउस' घे. १८४७ मधली ओजिब्वे मुलगी, ओमाकायास तिचं नाव, लेक सुपीरियरमधल्या बेटावर राहते. उन्हाळ्यात सालींचं घर बांधायचं, साखरेसाठी मेपलचा रस काढायचा, कावळा पाळायचा. अस्वलाच्या पिल्लांशी खेळते तो प्रसंग तर नातीने तीनदा वाचून घेतला. एक सांगून ठेवते, मध्ये देवीची साथ येते आणि घरातलं माणूस जातं. आधी तू एकटा वाच, मग मुलाला दाखव.

डोंगरवेडा

मावशी, खूप खूप आभार. दोन्ही पुस्तकं लायब्ररीत राखून ठेवली. मिलो ज्वारीचं वाचून माझ्या आजीची आठवण आली.

गवताचं_पातं

बायसन गेले कुठे याचं उत्तर द्यायचा प्रयत्न करतो, दहाएक वर्षं याच विषयावर वाचतोय.

एकेकाळी किती होते यावर एकमत नाही, तीन कोटी ते सहा कोटी असे अंदाज आहेत. १८८९ मध्ये प्राणीशास्त्रज्ञ विल्यम हॉर्नडेने मोजदाद केली तेव्हा पाळीव आणि रानटी मिळून हजाराच्या आसपास उरले होते. यलोस्टोनमध्ये १९०२ साली रानटी कळप उरला जेमतेम दोन डझनांचा.

लोकांना वाटतं गंमत म्हणून मारले. तेही झालंच. पण मुख्य गोष्ट धंद्याची होती. १८७० च्या सुमाराला बायसनचं कातडं कमावायची नवी रीत निघाली, त्याआधी फक्त हिवाळ्यातली लोकरीची कातडी खपायची, आता बाराही महिने कुठलंही कातडं चालायला लागलं. पूर्वेकडच्या कारखान्यांना मशीनचे पट्टे हवे होते, दणकट चामडं हवं होतं. आणि नेमकी तेव्हाच रेल्वे मैदानात पोचली. दक्षिणेकडचे कळप दहा वर्षांच्या आत संपले, उत्तरेकडचे १८८३ पर्यंत. मग हाडं गोळा करून खतासाठी विकली. तुम्ही पाहिलेला कवट्यांचा ढीग तोच. आणि सरकारी पातळीवर अनेकांना हे हवंच होतं, कारण बायसन संपला की मैदानातल्या लोकांना रिझर्वेशनवर, म्हणजे सरकारने नेमून दिलेल्या जमिनीवर, जाण्यावाचून गत्यंतर नाही.

पुस्तकं दोन. अँड्र्यू आयझेनबर्गचं 'द डिस्ट्रक्शन ऑफ द बायसन', अभ्यासाचं पण गुंतवून ठेवणारं. दुसरं स्टीव्हन रिनेलाचं 'अमेरिकन बफेलो'. हा माणूस शिकारी आहे, २००५ मध्ये अलास्कात लॉटरीत परवाना लागला आणि एकटा बायसन मारून आणायला गेला, त्या प्रवासात सगळा इतिहास गुंफलाय. शिकार ज्यांना नको त्यांना अवघड जाईल. पण तुमची तीन कपाटं या एका पुस्तकात आहेत.

अवांतर: हा हॉर्नडे त्याआधी भारतात येऊन नमुन्यांसाठी वाघ-हत्ती मारून गेला होता. १८८६ मध्ये मोंटानात म्युझियमसाठी उरलेसुरले बायसनही मारले. आणि पुढचं सगळं आयुष्य त्यांना वाचवण्यात घातलं.

खंड्या

मी राधानगरीजवळचा. आमच्याकडे दाजीपूरला पुण्या-मुंबईचे लोक येतात आणि "बायसन दिसला" म्हणून ओरडतात. तो गवा आहे हो! बायसन वेगळा, गवा वेगळा. गवा आपल्या गाईच्याच कुळातला. पायात पांढरे मोजे घातलेले बघा, तो गवा.

नागपूरचा_भाऊ

खंड्या भाऊ, ही चूक इंग्रजांच्या वेळेपासून चालून राहिली. पचमढीला इंग्रज अधिकारी जेम्स फोर्सिथने १८६२ मध्ये बांधलेलं घर आहे, नाव काय, तर बायसन लॉज! आता तिथं म्युझियम आहे.

आणि यावरूनच सांगतो, सरहद्द फक्त अमेरिकेत नव्हती. फोर्सिथचं 'द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया', १८७१ चं, वाचून पाहा. सातपुडा, नर्मदा, गोंड-कोरकू-बैगा लोक, साल आणि सागाची जंगलं. लिहिणं सुरेख आहे, आजही त्या वाटांनी गेलं की जसंच्या तसं सापडतं. पण नजर तीच: रान मोकळं आहे, उपयोगात आणायचं आहे, रेल्वेला स्लीपर पाहिजेत. तिकडे बायसनचं चामडं, इकडे आमचा साग. तोच काळ, तीच दहा-वीस वर्षं.

बैगांची बेवर शेती, म्हणजे जंगल जाळून राखेत पेरायची रीत, ती जंगलखात्याने बंद पाडत आणली. नांगर चालवणं म्हणजे धरणीमातेची छाती फाडणं असं ते मानायचे. व्हेरियर एल्विनने त्यांच्यात राहून १९३९ मध्ये 'द बैगा' लिहिलं. जाड ग्रंथ आहे, पण डोंगरवेडा भाऊ, यलोस्टोनला जायच्या आधी त्यातली बेवरवरची प्रकरणं वाचा. कारण यलोस्टोन १८७२ मध्ये पार्क झालं तेव्हा तिथंही डोंगरी शोशोनी राहत होते, त्यांनाही हलवलं. यावर मार्क स्पेन्सचं 'डिसपझेसिंग द विल्डरनेस' आहे. मी मेळघाटातून उठवलेली गावं पाहिली आहेत म्हणून हे पुस्तक मला एका बैठकीत वाचवलं नाही, तीन वेळा ठेवावं लागलं.

चांदोबा

यादी लांबतेय, मी वहीत उतरवून घेतोय.

धनगरवाडा

मी पुस्तकं कमी वाचतो पण एक वाचलंय, एका सरांनी दिलेलं. आल्डो लिओपोल्डचं 'अ सँड काउंटी अल्मनॅक'. इंग्रजी सोपं नव्हतं, डिक्शनरी घेऊन चार महिने लागले.

त्यात लांडगीण मरते तो भाग आहे. हा माणूस तरुणपणी जंगलखात्यात होता, लांडगा दिसला की गोळी घालायची असं शिकवलेलं. एका म्हाताऱ्या लांडगिणीला यांनी गोळ्या घातल्या आणि हा जवळ गेला तर तिच्या डोळ्यांतली हिरवी आग विझत होती. तिथून त्याचं मन बदललं. लांडगे संपले की हरणं वाढतात, हरणं डोंगर खाऊन टाकतात. हे त्याने लिहायला बरीच वर्षं लावली.

आमचं घर पिढ्यानपिढ्या मेंढरांचं. लांडगा मेंढरू नेतो, आजोबा शिव्या द्यायचे, कुत्री सोडायचे, पण माळावरचे सगळे लांडगे मारून टाकू असं कधी बोलले नाहीत. "त्याचा वाटा" म्हणायचे. लिओपोल्डला जे एवढ्या उशिरा उमगलं ते आजोबांना कोणी शिकवलं होतं ते मला माहीत नाही.

आणि एक राग आहे, तो लिहितो. आमच्या माळाला सरकारी कागदात "पडीक" म्हणतात. त्यावर लांडगा आहे, खोकड आहे, चिंकारा आहे, धाविक आहे, माळढोक होता. गवत आहे. पडीक कसं?

गवताचं_पातं

धनगरवाडा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आणि ऐका, अगदी हेच अमेरिकेत झालंय. १८२० मध्ये स्टीफन लाँगची मोहीम मैदानातून गेली आणि नकाशावर लिहून टाकलं "महान अमेरिकन वाळवंट". झाडं नाहीत म्हणजे वाळवंट! त्याच जमिनीवर लाखो बायसन चरत होते. पुढे तीच जमीन नांगरली आणि १९३० च्या दशकात मातीच आकाशात उडाली, धुळीची वादळं आली. गवताची मुळं जमिनीत माणसाच्या उंचीहून खोल जातात, ती उखडली की धरून ठेवणारं काही उरत नाही.

रानजाई

लिओपोल्डला अनुमोदन. एक जोड सांगते. त्या पुस्तकाचा पहिला भाग जानेवारी ते डिसेंबर असा महिन्यांनी जातो. आपल्या दुर्गाबाईंचं 'ऋतुचक्र'सुद्धा महिन्यांनीच जातं. मी दोन्ही उशाशी ठेवते आणि जो महिना चालू असेल त्याचं पान दोन्हीकडे उघडते. फेब्रुवारीत तो विजेने मेलेला ओक करवतीने कापतो आणि करवत एकेका वर्षाच्या वलयातून मागे मागे जाते, प्रत्येक वलयाबरोबर त्या वर्षी विस्कॉन्सिनमध्ये काय नष्ट झालं ते सांगतो. डोंगरवेडा, हे मुलाला वाचून दाखवा, दहा-बारा पानं आहेत फक्त. पुस्तक १९४९ मध्ये आलं, त्याच्या आदल्या वर्षी शेजाऱ्याच्या शेतातला वणवा विझवताना हा माणूस गेला. छापलेलं पुस्तक त्याने पाहिलंच नाही.

मिसूरीकाठ

लांडग्यांवरून: यलोस्टोनमध्ये १९२६ पर्यंत सगळे संपवले होते, मग १९९५ मध्ये कॅनडातून चौदा आणून सोडले. नेट ब्लेकस्लीचं 'अमेरिकन वुल्फ' वाचा, 'ओ-सिक्स' नावाच्या मादीची गोष्ट. २०१२ मध्ये ती पार्कच्या हद्दीबाहेर पडली आणि कायदेशीर शिकारीत मारली गेली. हद्द तिला कशी कळणार. यलोस्टोनमधल्या लामार खोऱ्यात पहाटे साडेपाचला पोचा, दुर्बीण लावून बसलेले लोक दिसतील, ते स्वतःच्या स्पॉटिंग स्कोपमधून मुलांना दाखवतात.

गरीवाला_मालवण

कोणी मासे काढलेच नाहीत की अजून! मी वाट बघत होतो.

नॉर्मन मॅक्लीनचं 'अ रिव्हर रन्स थ्रू इट'. सिनेमा पाहिला असेल, पुस्तक त्याहून शंभर पटीने चांगलं, आणि छोटं. दोन भाऊ, धर्मोपदेशक वडील, मोंटानातली ब्लॅकफूट नदी, आणि फ्लाय फिशिंग. सत्तरी ओलांडल्यावर लिहिलेलं पहिलं पुस्तक. धाकटा भाऊ हातातून निसटत चाललाय आणि थोरल्याला त्याला मदत करता येत नाही, फक्त त्याच्या शेजारी पाण्यात उभं राहून मासे मारता येतात. माझा धाकटा भाऊ गेला त्याच्यानंतर मी हे वाचलं. जास्त लिहीत नाही.

आम्ही खाडीत गरवतो ते वेगळं. गरीला कोळंबी लावायची आणि दगडावर बसायचं. फ्लाय फिशिंगमध्ये आमिष खरं नसतं, पिसांची आणि दोऱ्याची माशी बांधतात, त्या पाण्यावर त्या दिवशी जो किडा उडतोय त्याच्यासारखी. म्हणजे आधी किडे ओळखायला शिका, मग मासा. मला वाटतं हाच त्यातला खरा छंद आहे.

कोलोरॅडोत सोळा वर्षांखालच्या मुलांना लायसन्स लागत नाही, तुम्हाला लागेल. यलोस्टोनचा परवाना वेगळा, आणि तिथे गरीच्या टोकाचा उलटा काटा चालत नाही, चिमट्याने दाबून टाकायचा. कटथ्रोट ट्राउट तिथला मूळचा, तो सोडून द्यायचा. लेक ट्राउट बाहेरून आलेला, तो कटथ्रोटला खाऊन टाकतो, तो सापडला तर सोडू नका, खा.

सुमनमावशी

गरीवाला, भावाचं वाचून वाईट वाटलं रे. लिहिलंस ते बरं केलंस.

पाणलोट

उशिरा आलो. मी माणदेशातला, आता फिनिक्सला आहे. माझं मत आहे की अमेरिकन पश्चिमेबद्दल एकच पुस्तक वाचायचं असेल तर वॉलेस स्टेग्नरचं 'बियाँड द हंड्रेड्थ मेरिडियन' वाचा. जॉन वेस्ली पॉवेलबद्दल आहे.

पॉवेलचा उजवा हात यादवी युद्धात शिलोच्या लढाईत गेला. हा एका हाताचा माणूस मे १८६९ मध्ये नऊ जणांना घेऊन, चार होड्यांतून कोलोरॅडो नदीच्या घळीत उतरला. पुढे काय आहे कोणालाच माहीत नाही. एक होडी सुरुवातीलाच फुटली, एक जण कंटाळून निघून गेला, पीठ भिजून कुजलं. ऑगस्टच्या शेवटी एक धबधबा बघून तीन जणांनी सांगितलं आता बास, आणि ते घळ चढून वर गेले. ते मारले गेले. खाली नदीत राहिलेले सहा जण दोनच दिवसांत सुखरूप बाहेर पडले.

पण माझ्यासाठी खरी गोष्ट त्यानंतरची. १८७८ मध्ये पॉवेलने सरकारला अहवाल दिला: शंभराव्या रेखांशाच्या पश्चिमेला वर्षाला वीस इंचांपेक्षा कमी पाऊस पडतो, म्हणजे पाचशे मिलिमीटर, तिथे पूर्वेसारखी एकशे साठ एकरांची शेती चालणार नाही. जमिनीचे चौकोन पाडू नका, पाणलोटाप्रमाणे वाटणी करा, ज्या खोऱ्याचं पाणी त्या खोऱ्यातल्या लोकांनी मिळून वापरावं. हे १८७८ मध्ये! कोणी ऐकलं नाही. रेल्वे कंपन्या आणि जमीनवाले सांगत होते की नांगर फिरला की मागून पाऊस येतो. लोक आले, दोन-चार ओली वर्षं गेली, मग दुष्काळ, आणि गाड्या परत.

आटपाडीला पाचशे मिलिमीटर पडला तर आम्ही चांगलं वर्ष म्हणतो. पर्जन्यछायेत वाढलेल्या माणसाला पॉवेल वाचताना समजावून सांगावं लागत नाही. मी पॉवेलचा नकाशा, पाणलोटांच्या रंगीत ठिगळांचा, छापून भिंतीवर लावलाय.

नागपूरचा_भाऊ

पाणलोट, जबरदस्त.

अबोली_७

मराठीतलं कोणीच का सांगत नाही? मारुती चितमपल्लींचं 'चकवाचांदण' आणि व्यंकटेश माडगूळकरांचं 'नागझिरा'. चितमपल्ली सोलापूरचे, वनखात्यात सगळी हयात गेली, २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी गेले. पक्ष्यांची, झाडांची नावं त्यांनी गोंड-माडिया-कोरकू लोकांकडून आणि जुन्या ग्रंथांतून गोळा केली. परदेशात वाढणाऱ्या मुलाला रान मराठीतूनही कळावं असं वाटत असेल तर ही दोन घरात हवीतच. 'नागझिरा' तर तंबूत वाचायलाच लिहिल्यासारखं आहे, एक माणूस जंगलात जाऊन राहतो आणि बघतो, बस.

रानजाई

मला एक राहिलेलं आठवलं, आणि डोंगरवेडांच्या मूळ प्रश्नाला हेच खरं उत्तर असावं.

चार्ल्स ईस्टमन. डकोटा नाव ओहियेसा, डकोटा माणूस, १८५८ चा. पंधरा वर्षांचा होईपर्यंत रानात आजी आणि काकांजवळ वाढला, मग शाळेत घातला, बॉस्टनला डॉक्टर झाला. पहिली नोकरी पाइन रिजवर. तिथे गेल्यावर काही आठवड्यांतच, २९ डिसेंबर १८९० ला वूंडेड नी झालं. चर्चमधली बाकं काढून गवत पसरून त्याने जखमींवर उपचार केले, आणि तीन दिवसांनी हिमवादळ थांबल्यावर बर्फात जिवंत कोणी आहे का ते शोधायला गेला. एक-दोन जीव मिळालेही.

याच माणसाने १९०२ मध्ये 'इंडियन बॉयहूड' लिहिलं, लहानपण, खेळ, आजीच्या गोष्टी, पाळलेला कुत्रा. आणि १९१४ मध्ये 'इंडियन स्काउट टॉक्स', बॉय स्काउटच्या मुलांसाठी रानात कसं राहायचं याचं पुस्तक: आग कशी पेटवायची, पाऊलखुणा कशा वाचायच्या, प्राण्याशी ओळख कशी करायची. ज्यांनी त्याच्या लोकांचं रान घेतलं त्यांच्याच मुलांना तो ते रान शिकवत होता. मनात कडवटपणा नव्हता असं नाही, आत्मचरित्रात सगळं लिहिलंय. तरी शिकवलं. सरहद्द, प्राणी, तंबू, तिन्ही कपाटं एका माणसात. दोन्ही पुस्तकं कॉपीराइटमुक्त आहेत, फुकट मिळतात.

गवताचं_पातं

डोंगरवेडा, जूनपर्यंत थांबू नका. डेन्व्हरच्या ईशान्येलाच रॉकी माउंटन आर्सेनल म्हणून अभयारण्य आहे, पूर्वी तिथे रासायनिक शस्त्रांचा कारखाना होता. २००७ पासून बायसनचा कळप आहे, प्रेअरी डॉगची वसाहतही आहे. गाडीतूनच फेरी मारता येते, खाली उतरू नका. यलोस्टोनमध्येही बायसनपासून पंचवीस यार्ड, अस्वल-लांडग्यापासून शंभर यार्ड लांब राहायचं, हा नियम मुलाकडून पाठ करून घ्या.

डोंगरवेडा

मंडळी, काय लिहू. एवढ्या प्रतिसादांची अपेक्षाच नव्हती.

गवताचं_पातं यांनी सांगितलं म्हणून रविवारी आर्सेनलला जाऊन आलो. घरापासून पस्तीस मिनिटं, आणि चार वर्षांत मला पत्ता नव्हता. कळप रस्त्याच्या अगदी कडेला होता, तीन लालसर वासरं, आणि त्यांच्यामागे लांब डेन्व्हरच्या उंच इमारती. एक मोठा नर गाडीसमोर रस्त्यात येऊन उभा राहिला, वीसेक मिनिटं. मागे सात-आठ गाड्या थांबलेल्या, एकानेही हॉर्न वाजवला नाही. खिडकी बोटभर उघडली तर त्याचा श्वास ऐकू आला. मुलाने माझं मनगट घट्ट धरलं होतं.

परत येताना मी त्याला कातड्याचं, रेल्वेचं, मशीनच्या पट्ट्यांचं सगळं सांगितलं, जेवढं झेपेल तेवढं. थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मग ते जे हजार उरले ते कोणी लपवले होते?" आता याचं उत्तर शोधतोय.

'इंडियन बॉयहूड' सुरू केलंय, रोज एक प्रकरण, मी वाचतो आणि अडेल तिथे मराठीत सांगतो. 'बर्चबार्क' मी एकट्याने संपवलं, मावशी, तुम्ही आधी सांगितलंत ते बरं झालं. पॉवेल आणि 'फूल्स क्रो' माझ्यासाठी ठेवलेत. 'नागझिरा' भाऊ पुढच्या महिन्यात येताना आणतोय.

गवताचं_पातं

मुलाला सांगा, लपवले नाहीत, पण काही लोकांनी पाळले. मोंटानात पेंड ओरेल लोकांनी डोंगरापलीकडे काही वासरं नेली, त्यातून फ्लॅटहेड खोऱ्यात कळप वाढला. टेक्सासमध्ये गुडनाइट नावाच्या पशुपालकाच्या बायकोने अनाथ वासरं वाढवली. यलोस्टोनच्या कळपात १९०२ मध्ये या दोन्हीकडची जनावरं आणून मिसळली. म्हणजे तुम्ही जूनमध्ये जी बघाल त्यांच्यात त्या वासरांचं रक्त आहे.

सुमनमावशी

हे नातीलाही सांगते आज. आणि डोंगरवेडा, जूनमधे रात्री थंडी असते तिकडे, पोराची कानटोपी विसरू नकोस.